शलबिया मावशीची चौदा पावलं

बीर सलूममध्ये नवखा माणूस आला की हमादीच्या कॅफेत बसून तो पहिला प्रश्न हाच विचारतो, "त्या बाईंचं काय हरवलंय?"

भर दुपारी गावातली कुत्रीसुद्धा होड्यांच्या सावलीत जीभ काढून पडलेली असतात. त्या वेळी मिठाच्या पांढऱ्याफट मैदानावर एक बाई कमरेत वाकून चाललेली दिसते. गळ्यात दोरीने अडकवलेली फळी, फळीवर चौकटींचा कागद, हातात लाल पेन्सिल, डोक्याला रुमाल आणि रुमालावर मेलेल्या नवऱ्याची मासेमारीची गवती टोपी. मध्येच थांबते, मध्येच वळते, मध्येच सहा पावलं धावते.

"मुंगी," हमादी म्हणतो.

"मुंगी हरवलीय?"

"छे! मुंगी घरी चाललीय. मावशी तिला पोचवायला गेलीय."

नवखा माणूस हसतो आणि पुदिन्याचा चहा मागवतो. हमादी हसत नाही. बीर सलूममध्ये तेवीस वर्षं हे काम चाललंय, आणि जिथे दुसरं कुठलंच काम तेवीस वर्षं टिकलं नाही, तिथे असल्या गोष्टीवर कुणी हसत नाही.

शलबिया मावशी मूळची तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचणारी. पहाटेची ओहोटी लागली की गावच्या बायका घोट्याघोट्याएवढ्या चिखलात वाकायच्या. एका हातात विळा, दुसऱ्या हातात बादली. चिखलावर मोहरीएवढी दोन भोकं दिसली की त्याखाली शिंपली. ती भोकं उन्हात, वाऱ्यात, लाटेच्या चमकेत ओळखायची नजर लहानपणी बसली तर बसते, नाहीतर मग माणसाने शहरात जाऊन नोकरी करावी.

तेवीस वर्षांपूर्वी जर्मनीहून उलरिके बाई आल्या. सोबत चार उंच विद्यार्थी. मैदानाच्या मधोमध, मुंग्यांच्या बिळाशेजारी, त्यांनी लोखंडी खुंटी ठोकली, चुन्याने पावलापावलाच्या चौकटी आखल्या आणि मुंग्यांच्या मागे लागले. इथली मुंगी लांब पायांची. उन्हात होरपळून मेलेली माशी शोधायला ती वेडीवाकडी भटकते, आणि माशी सापडली की सरळ रेघेत घरी पळते. खाणाखुणा नाहीत, झाड नाही, दगड नाही, तरी बोटभर भोकावर नेमकी येऊन थडकते. ती हे कसं करते, ते उलरिके बाईंना हवं होतं. त्यासाठी ती कुठून कशी गेली याची रेघ कागदावर हवी. आणि चारही विद्यार्थी वीस पावलांत मुंगी हरवून बसत.

मावशी तिसऱ्यांची बादली घेऊन घरी चालली होती. ती थांबली. बादली खाली ठेवली आणि पोट धरून हसली.

"चौघांना मिळून एक मुंगी दिसेना! आणि ही माणसं विमानातून आलीत!" मग कमरेवर हात ठेवून, "अरे, ती बघा तिथं. आता डावीकडं. आता थांबली. आता हा टोपीवाला तिच्यावर पाय देणार." टोपीवाल्याने दिला.

त्याच दुपारी उलरिके बाईंनी फळी मावशीच्या गळ्यात घातली.

कागदाबद्दल मावशीचा एकच नियम. पाहिलं ते काढायचं, पाहिलं नाही ते काढायचं नाही. सुरुवातीला एका विद्यार्थ्याने सुचवलं होतं, की मुंगी क्षणभर दिसेनाशी झाली तर अंदाजाने रेघ जोडून टाका. मावशीने त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने दुधात पाणी घालायला सांगितलं. "भोक दिसल्याशिवाय मी चिखलात हात घालत नाही, बाळा. आणि तू मला न पाहिलेली मुंगी काढायला सांगतोस?" जिथे मुंगी नजरेआड झाली तिथे रेघ तुटायची. पुन्हा दिसली की पुन्हा सुरू. गावात एखाद्याच्या बोलण्याची खात्री द्यायची तर अजूनही म्हणतात, "मावशीच्या कागदासारखं आहे."

आता त्या तुटलेल्या रेघांविषयी. त्यासाठी मन्नूबियाकडे जावं लागेल.

मन्नूबिया ही शलबियाची नणंद. तिचं घर मैदानाच्या पूर्वेच्या कडेला, आणि घरासमोरून एक पट्टा मैदानात उतरतो, चौदा पावलं रुंद. कागदोपत्री तो सरकारचा, पण तिच्या सासऱ्याने तिथलं मीठ खरवडलं होतं, म्हणून गावाच्या तोंडी तो मन्नूबियाचा. सव्वीस वर्षांपूर्वी शलबियाच्या मुलाच्या सुंतेची मेजवानी होती. तिसऱ्या घातलेला कुसकुस, म्हणजे रव्याच्या वळलेल्या, वाफवलेल्या कण्या, साठ बायका, आणि शलबियाचा हात म्हणजे गावात नाव. मन्नूबियाने पहिला घास घेतला. चावता चावता थांबली. दातातून काहीतरी काढलं, ताटाच्या कडेला जपून ठेवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या गोड आवाजात म्हणाली, "काही नाही गं, चालू द्या. भावाच्या घरचं आहे, वाळूसुद्धा गोड लागते."

तिसऱ्या वेचणाऱ्या बाईच्या तिसऱ्यांत वाळू! शलबिया उभी राहिली. "अल्लाची शपथ, मन्नूबिया, तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. तुझ्या पट्ट्यावरही नाही. जिवंत आहे तोवर नाही."

साठ बायकांनी ते ऐकलं. म्हणजे शपथ पक्की.

तीन वर्षांनी उलरिके बाईंनी खुंटी ठोकली, ती नेमकी अशी की खुंटीपासून पूर्वेला बेचाळीस पावलांवर मन्नूबियाचा पट्टा सुरू होत होता. जर्मनांना काय माहीत! मुंग्यांना तर त्याहून नाही. मुंगी पट्ट्यात शिरली की मावशी कडेला खिळल्यासारखी उभी. चार-पाच पावलांपलीकडे मुंगी तिलासुद्धा दिसत नाही. कागदावर रेघ तुटलेली. मग मावशी वळसा घालून पलीकडे जायची; मुंगी कुठे बाहेर आली तर पुढे चालू, नाही आली तर कागद तसाच अर्धा.

नोंदवहीत शेऱ्याचा रकाना होता. माझ्याआधी दुभाषाचं काम गावच्या शाळेतले निवृत्त मास्तर करायचे. त्यांनी पहिल्याच वर्षी तिथे लिहिलं, "पूर्वेला जमीन अडचणीची." त्यांच्यामागून नऊ वर्षं मीही तेच लिहीत आले. अडचण होतीच. फक्त ती जमिनीची नव्हती. पण परक्या माणसांसमोर गावच्या नणंद-भावजयीचं भांडण कोण मांडणार?

मग डॉक्टर गाझी आले.

राजधानीच्या एका संस्थेतून आले, पांढऱ्या गाडीतून, आणि गाडीतून उतरतानाच त्यांना मुंग्यांविषयी सगळं माहीत होतं. उलरिके बाई निवृत्त होत होत्या. त्यांच्या कपाटात मावशीचे सात हजार कागद होते. डॉक्टर म्हणाले, आता मुंगीची गरज नाही. कागद आहेत ना? आपण न्यूरल नेटवर्क बनवू. कॉम्प्युटरमध्ये मुंगी चालेल.

"मावशी, आता तुम्हाला उन्हात फिरायला नको," ते म्हणाले. "आता आराम!"

"आराम केला तर कंबर सरळ होईल, डॉक्टर. मग खालचं मला दिसायचं कसं? पण ते जाऊ दे. ती तुमची मुंगी चालणार कशी? पाय आहेत का तिला?"

"पाय नाहीत. यात नुसत्या गाठी असतात आणि गाठींना जोडणारे दोरे, एक जाळंच समजा. कुठला दोरा ताणायचा, कुठला सैल सोडायचा, हे ते स्वतः शिकतं. त्याला फक्त एवढंच कळतं की खुंटीपासून मी किती पावलं, कुठल्या दिशेला, आणि सूर्य कुठे आहे. तुमच्या कागदावरची एक मुंगी त्याला दाखवायची आणि विचारायचं, सांग, आता पुढचं पाऊल कुठे पडेल? चुकलं की दोरे थोडे हलवायचे. पुन्हा विचारायचं. असं लाखो वेळा."

"लाखो वेळा चुकतं?"

"हो."

"आणि तरी पगार चालू?"

"त्याला पगार नसतो, मावशी."

"त्याला नाही रे बाळा. तुम्हाला."

मी याचं फ्रेंचमध्ये भाषांतर केलं नाही. गरजच नव्हती. डॉक्टर आपलेच होते, फक्त त्यांना तसं वाटत नसे.

हिवाळाभर राजधानीत इनेस नावाची एक मुलगी मावशीच्या रेघा कॉम्प्युटरमध्ये भरत बसली. जानेवारीत डॉक्टरांचा मला फोन आला.

"भिंत सापडलीय!"

"कसली भिंत?"

"खुंटीपासून पूर्वेला बेचाळीस पावलांवर. आमची मुंगी तिथपर्यंत येते आणि थांबते. आत जातच नाही. बाजूने वळसा घालून निघून जाते. शंभर वेळा सोडली, शंभर वेळा हेच! आणि या पट्ट्याची रुंदी सांगू?"

"चौदा पावलं," माझ्या तोंडून गेलं.

"तुला कसं कळलं?"

"अंदाज," मी म्हटलं. मावशी असती तर माझी पेन्सिल काढून घेतली असती.

मग तिकडे तर्कांचा पाऊस पडला. एक म्हणाला, जमिनीखाली चुंबकीय दगड असणार. दुसरा म्हणाला, खाऱ्या पाण्याचा झरा. तिसऱ्याने पुराणवस्तूंचा एक जाणकार गाठला, आणि त्याने नकाशावर बोट ठेवून सांगितलं की रोमनांच्या काळची पुरलेली भिंत असण्याची दाट शक्यता आहे. डॉक्टरांचं स्वतःचं मत सगळ्यात वरचढ होतं. त्यांच्या मते ही मुंग्यांची पिढीजात स्मृती. एके काळी तिथे काही भयंकर घडलं असणार, आणि ते मुंगी विसरलेली नाही. त्यावर त्यांनी निबंध लिहिला आणि छापायला धाडला. संस्था इथून गाडीने साडेतीन तासांवर. आठ माणसं चार महिने खल करत बसली, पण मैदानावर येऊन एक मुंगी बघावी, असं एकालाही सुचलं नाही.

हमादीच्या कॅफेत पत्ते खेळता खेळता लोक डोळे पुसत होते.

"भिंत आहे बरं का," हमादी म्हणाला. "खरंच आहे. साडेचार फूट उंच, काळी शाल, गुडघे दुखतात."

"आणि भयंकर घडलं होतं, तेही खरंय," कुणीतरी म्हणालं. "मी होतो त्या मेजवानीला."

"मग डॉक्टरला सांगायचं कुणी?"

"त्याने आपल्याला कुठं विचारलंय? विचारलंय ते मशीनला. मशीन सांगेल."

सगळे हसले आणि मग एकदम गप्प झाले, कारण शलबिया मावशी साखर घ्यायला आत आली होती.

जूनमध्ये मुंग्या बाहेर पडल्या आणि त्यांच्या पाठोपाठ पाहुणे. मैदानाच्या कडेला तंबू पडला. पडदा, प्रोजेक्टर, संत्र्याचा रस, बिस्किटं. पुढच्या पाच वर्षांचा पैसा द्यायचा की नाही हे ठरवायला तिघे सूटवाले आले होते, आणि काठी टेकत उलरिके बाईसुद्धा. मावशीला मागच्या खुर्चीवर बसवलं होतं, "आमच्या स्थानिक सहकारी" म्हणून. तेवीस वर्षांत तिला प्रथमच खुर्ची मिळाली होती आणि तीत कसं बसायचं ते तिला जमत नव्हतं.

पडद्यावर शंभर हिरवे ठिपके खुंटीपासून निघाले. भटकले, रेंगाळले, वळले. मावशी पुढे झुकली. "अगं, चांगल्या चालतायत की!" ती मला म्हणाली. "ती बघ, तिला वास आला. असंच करतात."

मग पूर्वेला गेलेले ठिपके एका रेघेवर येऊन थबकले. क्षणभर तसेच उभे. मग कडेकडेने वर सरकत सरकत, वळसा घालून निघून गेले. एकाने पाऊल आत टाकलं नाही.

"पाहिलंत?" डॉक्टर म्हणाले. "हा धाक! ही स्मृती!"

मावशीने माझं मनगट घट्ट धरलं.

"पोरी, ही मुंगी नाही."

"मग?"

"ही मी आहे. अशीच थांबते मी. असाच वळसा घेते." तिचा चेहरा रुमालाच्या कडेपर्यंत लाल झाला होता. "या मेल्याने माझी शपथ शिकून घेतलीय. कशी शिकली? मी तर कागदावर काढली नव्हती!"

"हळू बोल."

"मी सांगते त्यांना."

"मावशी, सांगू नकोस. म्हणतील, भांडणापायी तेवीस वर्षं खोटं काढलं. सात हजार कागद रद्दीत जातील. तुझं नाव जाईल."

"मी एक रेघ खोटी काढलेली नाही."

"ते मला माहीत आहे. त्यांना काय माहीत?"

ती खुर्चीवरून उठली. आणि तोवर डॉक्टर पाहुण्यांना घेऊन उन्हात निघालेसुद्धा होते.

बेचाळिसाव्या पावलावर त्यांनी लाल फीत बांधली होती. सगळे फितीपाशी गोल करून उभे राहिले. एक मुंगी आली. डॉक्टरांनी बोट वर केलं. मुंगी फितीखालून गेली आणि पट्ट्यात चालू लागली.

"ही तरुण दिसते," डॉक्टर म्हणाले. "अजून अनुभव नाही."

दुसरी आली. तीही गेली.

"ही बहुधा आजारी असावी."

तिसरी माशी ओढत उलटीकडून आली, म्हणजे पट्ट्यातूनच बाहेर.

"हिला वाऱ्याने ढकललं."

वारा नव्हता. फीतसुद्धा हलत नव्हती. सूटवाल्यांपैकी जाड चष्म्याच्या बाईंनी रुमालाने मान पुसली आणि विचारलं, "डॉक्टर, मग चुकतंय कोण? मुंगी?"

डॉक्टरांनी घसा खाकरला आणि ते फ्रेंचमध्ये बोलू लागले. माणूस फ्रेंचमध्ये शिरला की समजावं, कुणाचातरी बळी जाणार. बोलताना त्यांची नजर मावशीकडे गेली आणि लगेच बाजूला झाली.

"काय म्हणाला?" मावशी.

"काही नाही गं."

"सांग."

मी सांगितलं. "म्हणाले, यंत्र चुकत नाही. त्याला जे दिलं तेच ते शिकतं. नोंदी एका कमी शिकलेल्या बाईंनी केल्यात. त्या मनाने भरल्या असण्याची शक्यता आहे. सगळ्याच."

मावशीने टोपी नीट केली. मग ती सूटवाल्यांच्या मधून सरळ तंबूकडे चालू लागली, आणि तिच्यामागे मी, माझ्यामागे उलरिके बाई, आणि नाइलाजाने बाकीचे.

"इनेस बेटा," ती म्हणाली, "माझे तुटक्या रेघांचे कागद कुठायत?"

इनेसने डॉक्टरांकडे बघितलं. "मध्येच तुटलेल्या रेघांचे? ते घेतले नाहीत, मावशी. अपूर्ण म्हणून बाजूला काढायला सांगितलं होतं. यंत्राला सलग रेघ लागते."

"किती होते?"

"नऊशे अकरा."

"आणि आहेत कुठं?"

इनेसने हळूच बोट दाखवलं. प्रोजेक्टरला उंची कमी पडत होती म्हणून तो एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "निरुपयोगी".

प्रोजेक्टर खाली आला. उलरिके बाईंनी बिस्किटांचं टेबल हाताने साफ केलं आणि कागद एकाशेजारी एक मांडले. दहा, वीस, चाळीस. प्रत्येकावर लाल रेघ पूर्वेकडे धावत होती आणि एकाच कडेवर कापल्यासारखी तुटत होती. काहींवर चौदा चौकटी सोडून पलीकडे पुन्हा सुरू होत होती. बघायला शाळेत जायची गरज नव्हती. मुंग्या पट्ट्यात जात होत्या. नऊशे अकरा वेळा गेल्या होत्या. डॉक्टरांनी गेलेल्या सगळ्या बाजूला काढून फक्त न गेलेल्या यंत्राला शिकवल्या, आणि मग यंत्राला विचारलं, या जात का नाहीत?

"शलबिया," उलरिके बाईंनी विचारलं, "इथे काय आहे?"

नऊ वर्षं मी "जमीन अडचणीची" लिहिलं होतं. मावशी म्हणाली, "जसंच्या तसं सांग. शब्द खाऊ नकोस." आणि मग मोठ्याने, "इथं माझी नणंद आहे."

मी सांगितलं. मेजवानीसकट, वाळूसकट. चष्म्याच्या बाईंनी चष्मा काढला.

"म्हणजे वैयक्तिक कारण!" डॉक्टर उसळले. "वैयक्तिक कारणाने माहिती गाळली!"

"मी गाळली?" मावशी म्हणाली. "मी लिहून ठेवलं, इथं मला दिसलं नाही. कोरं सोडलं म्हणजे तेच लिहिलं ना? तुझ्या जाळ्याला ते वाचता येत नाही, म्हणून तू खोक्यात भरलंस. गाळणारा कोण?"

"पण ही शपथ एवढी मोठी, तर बाकीच्या रेघा खऱ्या कशावरून? मुंगीच्या मागे माणूस अचूक चालू शकतो, हेच मुळात सिद्ध झालेलं नाही!"

हे मात्र चष्म्याच्या बाईंना पटलेलं दिसलं. त्यांनी मान हलवली. तेवीस वर्षं त्या एका मान हलवण्यावर तरंगत होती.

उलरिके बाई शांतपणे म्हणाल्या, "मग सिद्ध करू. एक मुंगी, पट्ट्यातून. वरून कॅमेरा." आणि मावशीकडे बघून, जर्मन उच्चारातल्या मोडक्या अरबीत, "तुला नको असेल तर नको."

दोन विद्यार्थ्यांनी लांब काठीला फोन बांधला. माशी मिळालेली एक मुंगी पूर्वेकडून, पट्ट्यातून, घरी निघाली होती. विद्यार्थी काठी घेऊन आत पळाले आणि तीन पावलांत त्यांनी मुंगी हरवली. मावशी फितीपाशी उभी. पायाची बोटं बरोबर कडेवर. तिला मुंगी दिसत नव्हती, मला दिसत नव्हती, कुणालाच दिसत नव्हती.

ओसरीवर मन्नूबिया वर्षभराचा कुसकुस वळत बसली होती. सकाळपासून तिने एक शब्द काढला नव्हता. आता तिने हातातली चाळण आपटली.

"वहिनी!"

सव्वीस वर्षांतली पहिली हाक. मावशी हलली नाही.

"अगं ए वहिनी! माझ्या पायरीसमोरून चाललीय तुझी मुंगी! मेली माशी तिच्याहून मोठी आहे. शपथ सांभाळतेस का नाव सांभाळतेस, ते एकदाचं ठरव. ती काही तुझ्यासाठी थांबायची नाही!"

मावशीचे ओठ हलले. काय पुटपुटली ते मला कळलं नाही. मग तिने फीत वर उचलली आणि पाऊल आत टाकलं.

सात पावलांवर तिने मुंगी धरली. म्हणजे नजरेत. वाकली, पेन्सिल कागदावर टेकली, आणि काठीवाले विद्यार्थी तिच्या पेन्सिलीच्या रोखाने फोन धरून मागे. मन्नूबिया ओसरीवरून उतरून कडेने चालू लागली.

"झालं का सव्वीस वर्षांचं?" मन्नूबिया म्हणाली. "केस किती पांढरे झालेत गं तुझे!"

"गप्प बस," मावशी मान वर न करता म्हणाली, "मुंगी वळतेय."

मन्नूबिया गप्प बसली. तिच्या नवऱ्याला चाळीस वर्षांत जे साधलं नव्हतं, ते साधलं.

फितीखालून मुंगी बाहेर आली, तिच्यामागे मावशी, आणि मग खुंटीपर्यंत, तिच्याजवळच्या बिळापर्यंत बेचाळीस पावलं नेहमीसारखी. बिळाशी मुंगी क्षणभर अडखळली, माशी आडवी झाली, तिने ती उभी करून आत ओढली. मावशीने शेवटचा ठिपका दिला आणि कागद सोडवून चष्म्याच्या बाईंच्या हातात ठेवला. मुंगी नजरेत येण्याआधीची, पट्ट्यातली पहिली सात पावलं कोरी होती.

फोनमधलं चित्र आणि कागदावरची रेघ एकमेकांवर ठेवायला इनेसला वीस मिनिटं लागली. दोन्हींत कुठेही अर्ध्या पावलाहून जास्त फरक नव्हता. बिळापाशी माशी आडवी झाली तिथे फोन हलला होता. कागद हलला नव्हता.

चष्म्याच्या बाईंनी एक बिस्कीट घेतलं आणि सांगितलं की पैसा मिळेल, पण आधी त्या खोक्यातल्या कागदांची तूट नीट भरून काढा. तोवर अनुदान थांबलं. डॉक्टरांचा निबंध छापखान्यातून परत येण्यापलीकडे गेला होता. त्यांनी शेवटी एक तळटीप घालून घेतली, "सामाजिक घटकांचा प्रभाव पूर्णपणे नाकारता येत नाही."

"म्हणजे मी?" मन्नूबियाने विचारलं.

"म्हणजे तू," मी म्हटलं.

"छापलंय? नावासकट नाही?" ती खट्टू झाली.

मोडलेली शपथ मात्र मावशीला खुपत राहिली. दुसऱ्याच दिवशी ती मशिदीत शेख तय्यबकडे गेली. शेख म्हणाले, शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवू घाल, जमत नसेल तर तीन दिवस उपास.

"उपास केला तर दुपारी मुंगीच्या मागे कोण धावणार? जेवूच घालते. पण गावात दहा गरीब स्वतःहून 'मी गरीब' म्हणून कोण येईल? विद्यार्थी चालतील का? आठ आहेत. वाळत घातलेल्या बोंबलासारखे दिसतात."

"शिष्यवृत्ती किती मिळते?"

मावशीने आकडा सांगितला. शेखांनी कानाला हात लावला. "चालतील."

"नववी इनेस. तिला तर अजून पगारच सुरू नाही. आणि दहावा डॉक्टर?"

"तो कसला गरीब! पांढरी गाडी आहे."

"गाडी संस्थेची आहे, शेखसाहेब. आणि अनुदान थांबलंय."

शेखांनी दाढीवरून हात फिरवला. "थांबलंय ना? मग बसव त्याला."

शुक्रवारी मावशीच्या अंगणात दहा जण चटईवर बसले. तिसऱ्यांचा कुसकुस होता. मन्नूबिया बोलावल्याशिवाय आली, स्वयंपाकघरात शिरली, आणि दोघींचा आवाज बाहेर येत राहिला. मीठ कमी, आग जास्त, हे भांडं कुणाचं, हे माझ्या आईचं, नाही माझ्या सासूचं.

डॉक्टरांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग हात पुसून ते जरा अडखळत म्हणाले, "मावशी, त्या नऊशे अकरा कागदांमधल्या तुटलेल्या जागा. तुम्ही आता तिथे जाऊ शकता. बसून भरता येतील का? आठवेल तसं?"

अंगणातले सगळे खायचे थांबले.

"त्या मुंग्या कधीच मेल्या, बाळा," मावशी म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी तिसऱ्या घातल्या. "त्या कुठून गेल्या ते आता अल्लाला ठाऊक. या वर्षीच्या नव्या आहेत. उद्या बाराला ये. टोपी आण, आणि त्या जाळ्याला सांग, थोडी वाट बघ."

डॉक्टर आले. टोपी आणली होती. तेराव्या पावलावर त्यांनी मुंगी हरवली, आणि मावशीने त्यांना त्यांच्या कागदावर तिथेच, तुटकी रेघ तशीच ठेवायला लावली.